कळशीतलं वाक्य

"पाणी जास्त प्यायला लागून किती दिवस झाले?" शुक्रवारी संध्याकाळी फोंड्याच्या डॉक्टरांनी विचारलं.

"महिना झाला असेल," मी म्हटलं.

"महिना की जास्त?"

"जास्तही असेल. म्हणजे पावसाच्या आधीपासूनच."

टेबलावर आमची मांजर, तारली, अंग चोरून बसली होती. काटा २.९ किलो दाखवत होता. दोन वर्षांपूर्वी लस टोचायला आणली होती तेव्हा ४.१ भरली होती. डॉक्टरांनी तिच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून वर उचलली आणि सोडली. ती पटकन खाली बसली नाही, तंबूसारखी उभीच राहिली. मग सावकाश, कंटाळल्यासारखी खाली गेली. मी तिकडे बघत होते आणि डॉक्टर माझ्याकडे, उत्तराची वाट बघत.

मी कादंबऱ्या लिहिते. बारकावे टिपणं हाच माझा धंदा, असं दोन-तीन मुलाखतींत तोंड वर करून सांगितलेलंही आहे.

रक्ताचा अहवाल तासाभरात आला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, ४.२. मांजराचं १.६च्या आत असावं म्हणे. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे पेनानं एक घेवडा काढला, म्हणजे किडनी, आणि त्यात ठिपके भरत बसले. मांजराच्या एका किडनीत दोनेक लाख गाळण्या असतात. म्हातारपणी त्यातली एकेक बंद पडत जाते आणि तिचं काम उरलेल्या उचलतात. कुणाला पत्ता लागत नाही. तीन चतुर्थांश गेल्या की मग कुठे रक्तातला आकडा वर सरकतो. तोवर मांजर खातं-पितं, हिंडतं, मांडीवर येतं. मात्र लघवी घट्ट करायची ताकद आधीच गेलेली असते, अंगातलं पाणी निसटत राहतं, आणि ते भरून काढायला मांजर पीत सुटतं. मुळात हा वाळवंटातल्या रानमांजरांचा वंश. थोडक्या पाण्यावर निभावणं त्यांच्या रक्तातच आहे. म्हणून मांजर फार पाणी पिताना दिसलं, की समजायचं.

"समजायचं," डॉक्टर पुन्हा म्हणाले. बोलण्यात टोमणा नव्हता. मलाच तो लागला.

घरी आल्यावर आईनं पिंजऱ्यात डोकावून पाहिलं. तिला चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. रक्तदाबाची गोळी, थायरॉइडची गोळी, दर सहा महिन्यांनी तपासणी, असं सगळं तिचंही चालू असतं. आकडा ऐकून तिनं विचारलं, "म्हजें कितलें गो तें?"

"एक पूर्णांक एक."

"मगीर हांव हिचेपरस बरी," म्हणजे मग मी हिच्यापेक्षा बरी, असं म्हणून ती देवाकडे दिवा लावायला गेली.

तारली आमच्याकडे आली ती २०१२च्या जुलैत, असाच पाऊस कोसळत असताना. नुस्तेकान्न, म्हणजे मासेवाली बाई दारात टोपली उतरवून तारल्या मोजत होती आणि टोपलीखालच्या ओल्या गोणपाटातून एक मूठभर पिल्लू बाहेर आलं. बाईनं शपथ घेऊन सांगितलं की हे तिच्यासोबत आलेलं नाही. आमच्याही घरचं नव्हतं. दोघींनीही झिडकारल्यावर ते आईच्या पायाशी बसून तारलीचं डोकं चावू लागलं. तेच नाव पडलं. मासळीचं नाव ती खाणाऱ्यालाच द्यावं, हे काही बरोबर नाही, पण आमच्याकडे नावं ठरवून कुणी ठेवत नाही.

तिच्याशी आम्ही कोकणीत बोलतो. हे वेगळं सांगायचं कारण असं की मी लिहिते मराठीत. गोव्यात, आमच्या भागातल्या कित्येक घरांत असंच आहे: भांडण, स्वयंपाक, लाड, शिव्या कोकणीत, पोथी, पत्र, लग्नाची पत्रिका, कविता मराठीत. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं, आम्हाला तसं वाटायला कुणी वेळच दिला नाही. १९८७च्या राजभाषा कायद्यावेळी, कोकणी की मराठी या वादात, आमच्या एकाच जेवणाच्या टेबलावर दोन्ही बाजू बसत. मी तेव्हा कॉलेजात होते. घरात एक काका मराठीच्या बाजूनं तावातावानं बोलायचे, आणि बोलायचे कोकणीत. त्यांच्या ते कधी लक्षात आलं नसावं. माझ्या आलं, आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यात कादंबरीसारखं बसून आहे.

सध्या लिहितेय ती कादंबरी त्याही मागची, गोव्यातल्या जनमत कौलाच्या दिवसांतली. १६ जानेवारी १९६७, सोमवार. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. फोंड्याजवळचं एक घर, दोन भाऊ, एक फुलाचा, एक पानांचा. मधे त्यांची म्हातारी आई, जिचं मत दोघंही गृहीत धरतात. निकाल सगळ्यांना ठाऊक आहे: दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. त्यामुळे मत कुठे गेलं यात काही रहस्य नाही. म्हातारीनं काय केलं, ते मात्र मी चार वर्षं लिहिते आहे आणि ती मला सांगत नाही. संपादक दर दोन महिन्यांनी फोन करतात. शेवट मिळाला का, हा त्यांचा प्रश्न. या आठवड्यात मासेविक्रीवाली शेवटे नावाचे नदीतले मासे घेऊन आली तेव्हा मी आईला म्हटलं, घे, शेवट दारात आला. आई हसली नाही. तिला शब्दांचे खेळ आवडत नाहीत, ताजे मासे आवडतात.

शनिवार-रविवार मी या कादंबरीसाठी राखून ठेवलेले होते. भाचा मुंबईला, पाहुणे नाहीत, पावसानं रस्ता बंद झाला तर उत्तमच. त्याऐवजी फ्रिजवर डॉक्टरांचा कागद चिकटवून दिवस सुरू झाला. मळमळीची पाव गोळी, अर्ध्या तासानं खाणं, खाण्यात फॉस्फरस बांधून ठेवणारी पावडर, संध्याकाळी कातडीखाली शंभर मिलिलिटर सलाईन. किती प्यायली, किती खाल्लं, किती वेळा लघवी, सगळं लिहून ठेवायचं. खारवलेली मासळी बंद. काटे बंद. हुमणाचा, म्हणजे माशाच्या आमटीचा भात चाटवणं बंद, त्यात कांदा असतो आणि कांदा मांजराला विष. तेरा वर्षं आम्ही ते कौतुकानं चाटवत होतो.

पहाटे पोदेराचा भोंगा वाजला. आमच्याकडे पाववाला आणि मासेवाली दोघंही सारखाच रबरी भोंगा वाजवत येतात आणि माणसाला त्यांत फरक कळत नाही. तारलीला कळायचा. पोदेर आला की तिचा एक कान नुसता फिरायचा, मासेवाली आली की ती उठून फाटकाशी जाऊन उभी. आई तिच्याकडे बघून पैसे काढायची की नाही ते ठरवायची. मासेबंदीच्या काळात, जून-जुलैचे ते एकसष्ट दिवस ट्रॉलर बंद असताना, मासेवाली क्वचितच फिरकते, तरी तारली रोज त्या वेळेला पायरीवर. शनिवारी पोदेर येऊन गेला, तासाभरानं मासेवालीही आली, तारलीचा कान हलला नाही. ती न्हाणीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाला टेकून, चारही पाय पोटाखाली घेऊन बसली होती, अंड्यावर कोंबडी बसावी तशी. डोळे अर्धे मिटलेले. झोपलेली नव्हती. बसलेली होती.

गोळीचे चार तुकडे करणं हे काम मी लिहिण्याहून अवघड म्हणेन. ब्लेडनं एक तुकडा ओट्यामागे गेला, दुसऱ्याचा भुगा झाला, तिसरा बरा निघाला आणि तारलीनं तो गालात धरून ठेवून पाच मिनिटांनी माझ्या पायावर टाकला. चौथा गेला. मग उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, चिमूटभर मऊ भात, कोंबडीचं मीठ न घातलेलं कोमट पाणी. तिनं वास घेतला. मान फिरवली. पुन्हा वास घेतला आणि पुढच्या पायानं बशीभोवती जमीन ओरबाडली, जणू घाण पुरते आहे. आमच्या घरात माझ्या स्वयंपाकावर इतकी स्पष्ट टीका कुणी केलेली नाही.

शेजारच्या काकी छत्री घेऊन आल्या, दूध पाज म्हणाल्या. नको, मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, म्हटल्यावर त्यांना ते खोटं वाटलं. भावाचा मुंबईहून फोन आला. मांजरासाठी एवढं करतेस, असं तो म्हणाला. मी काही बोलले नाही, मग त्यालाच कसंतरी झालं आणि त्यानं पावसाची चौकशी केली.

संध्याकाळचं सलाईन. डॉक्टरांनी शुक्रवारी एकदा करून दाखवलं होतं आणि ते इतकं सोपं दिसलं होतं की मी मान डोलावून आले. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उबेला आणायची. मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरम, अडतीस ते एकोणचाळीस सेल्सिअस. थंड सलाईन गेलं तर ते थरथरतं. मग बाटली उंच टांगायची. आता उंच कुठे टांगायची? पडदे लावायच्या दांड्या वाकतात, दरवाजांना खिळे नाहीत. घरात छताला लोखंडी आकडे आहेत ते फक्त गणपतीच्या खोलीत. चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची तिथे. आजोबांच्या वेळचे, गंजून काळे झालेले, आणि त्यांतल्या एकाला मागच्या वर्षीच्या सुंभाचा तुकडा अजून होता.

"गणपतीच्या कुडींत माजर?" आई दारात उभी राहून म्हणाली.

"गणपती अजून आलेला नाही."

"आकडो ताचोच मगे."

पण ती थांबली नाही, आतून पाट घेऊन आली. पाटावर जुना टॉवेल, टॉवेलवर तारली, तारलीसमोर मी मांडी घालून. मानेमागची कातडी वर ओढली की खाली पोकळी होते, छोट्या छपरासारखी. सुई त्या छपराच्या आत जायला हवी. मी डोळे अर्धे मिटून सुई टोचली, चिमटा उघडला, आणि थेंब पडताना बघून मोठं समाधान वाटलं. अर्ध्या मिनिटानं मांडी ओली लागली. सुई एका बाजूनं आत जाऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर आली होती आणि सगळं सलाईन तारलीच्या केसांवरून माझ्या साडीत चाललं होतं. तारली जागची हलली नव्हती. तिला वाटलं असेल, हिला हेच करायचंय.

दुसऱ्या खेपेला जमलं. शंभर मिलिलिटर जायला सात मिनिटं लागली. खांद्यामागे एक गोळा आला, लिंबाएवढा, मग मोसंब्याएवढा, आणि तो हळूहळू घसरत एका बाजूच्या पायाकडे उतरला. तारली चालू लागली तेव्हा ती एका खांद्यावर पाण्याची मशक घेतलेल्या भिश्तीसारखी दिसत होती. हसू आलं. वहीत लिहिलं: *सलाईन १०० मिली (आधी साधारण ३० वाया). खाणं: जवळजवळ नाही.*

रात्री साडेनऊला वीज गेली. पाऊस असा की विजेच्या कचेरीला फोन करण्यातही अर्थ नव्हता. इन्व्हर्टरवर एक दिवा आणि एक पंखा, दोन्ही आईच्या खोलीत. मी अंधारात लॅपटॉपसमोर बसले, प्रकरण उघडलं नाही. त्या शांततेत न्हाणीतून आवाज यायला लागला. तारली पिंपाशेजारच्या तपेल्यातून पाणी पीत होती.

मांजर कुत्र्यासारखी जीभ वळवून पाणी उचलत नाही. जिभेचं टोक नुसतं पाण्याला टेकवतं आणि झटक्यात वर घेतं, त्याबरोबर पाण्याचा एक बारीकसा स्तंभ वर उठतो आणि तो खाली पडायच्या आत मांजर तोंड मिटतं. २०१०मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी वेगवान कॅमेऱ्यानं हे टिपलं. सेकंदाला साधारण चार वेळा, दर वेळेला मिलिलिटरचा दहावा भाग. हे मी कुठल्याशा लेखासाठी कधीतरी वाचून ठेवलं होतं, आता पहिल्यांदाच कामी आलं. मोबाइलवर सेकंदकाटा लावला. ती दीड मिनिट पीत होती. नव्वद गुणिले चार, तीनशे साठ, म्हणजे छत्तीस मिलिलिटर. अंधारात, नुसत्या आवाजावरून, एका हाडांच्या मांजरानं किती पाणी प्यायलं याचा मी हिशेब केला आणि वहीत लिहायला पेन शोधू लागले. तेव्हा ते वाक्य आठवलं.

वाक्य चौथ्या प्रकरणातलं. कादंबरीतल्या म्हातारीचं एक मांजर आहे. तारलीवरूनच घेतलंय, लपवण्यात अर्थ नाही. ते वाक्य असं: *आजीच्या पितळी कळशीत तोंड घालून मांजर कितीतरी वेळ पाणी पीत राही, जणू तळाशी कुणी काही लिहून ठेवलं होतं आणि ते वाचून झाल्याशिवाय तिला वर यायचं नव्हतं.*

पहिली चार प्रकरणं संपादकांना पाठवली होती तेव्हा त्यांनी या वाक्याखाली रेघ मारून समासात लिहिलं होतं: सुंदर.

मी दर दिवशीचा मजकूर तारखेच्या नावानं वेगळा साठवते. जुनी खोड आहे, एकदा सगळं उडालं होतं तेव्हापासून. लॅपटॉपची बॅटरी चाळीस टक्के होती. शोधलं. *कळशी* हा शब्द पहिल्यांदा आला ती फाइल ९ नोव्हेंबरची होती.

आठ महिने.

त्या दिवशी काय झालं होतं तेही आठवलं. हिवाळा नुकता लागला होता, दुपारची वेळ, मी चहा करायला उठले. विहिरीजवळच्या दोणीत वाकून तारली पाणी पीत होती. मी खिडकीतून बघत उभी राहिले. किती वेळ पितेय ही, असं मनात आलं. इथवर सगळं बरोबर होतं. डॉक्टरांना हवं होतं ते सगळं माझ्यासमोर होतं. मग मी आत येऊन दोण बदलून कळशी केली, कारण कळशी आजीच्या हातात शोभते, आणि तो "जणू" जोडला. चहा उकळून ओतू गेला होता, ते मात्र आठवतं, कारण त्यावरून आई ओरडली होती.

मग मी थांबू शकले नाही. सगळी प्रकरणं मांजरासाठी वाचून काढली. सातव्यात, फेब्रुवारीच्या फायलीत, ते मांजर मोरी माशाच्या तुकड्याचा नुसता वास घेऊन निघून जातं. तिथे मी लिहिलंय की म्हातारीसारखीच तीही आता खाण्यापलीकडे गेली होती. नवव्यात, एप्रिल, ते ओटीच्या कठड्याखाली उभं राहून वर बघतं, उडी मारत नाही, "विचार बदलल्यासारखं" माघारी वळतं. त्याच प्रकरणात पुढे, केस विस्कटलेले, अंग चाटायचं सोडलेलं. मी ते घरावर आलेल्या अवकळेला लावलंय. आणि दहाव्यात, मे महिना, ती कोंबडीसारखी बसायची ढब. तीसुद्धा आहे. आज सकाळी न्हाणीत ती बघून मला दुसरं काही सुचायच्या आधी "अंड्यावर कोंबडी" सुचलं, ते सुचलं नव्हतं, ते माझंच जुनं वाक्य होतं.

म्हणजे मला दिसलं नाही असं नाही. सगळं दिसलं, नेमक्या क्रमानं, पुस्तकात द्यावं तसं. एकही लक्षण सुटलेलं नाही. फक्त दरवेळी ते उचलून मी आजीच्या घरात ठेवून आले. मांजर रिकामंच राहिलं.

कादंबरीतल्या त्या दोन भावांना मी चार प्रकरणं फैलावर घेतलंय. आई समोर वाळत चाललीय आणि हे दोघं फूल की पान म्हणून भांडताहेत, तिच्याकडे एकानं तरी मान वर करून बघावं, असा माझा त्यांच्यावर राग. वाचणाऱ्यालाही तो यावा अशी व्यवस्था केली आहे. बॅटरी अकरा टक्क्यांवर आली तेव्हा मी लॅपटॉप मिटला. त्या रात्री त्या दोघांबद्दल मला जरा बरं वाटलं, इतकंच सांगते.

लेखकानं जगणं वापरावं की नाही, हा वाद मला नवीन नाही. माझ्या पहिल्या कादंबरीनंतर एक मावशी दोन वर्षं बोलत नव्हती. तिला मी उत्तर दिलं होतं की तुला मी प्रेमानं लिहिलंय. ते खरंच होतं. तारलीलाही प्रेमानंच लिहिलंय. प्रेम होतं यात मला शंका नाही. पण बघताना माझ्या डोळ्यांत वाक्य असतं, आणि वाक्य पुरं झालं की माझं बघणंही संपतं. मावशी निदान रागावू शकली.

रविवारी सकाळी मी डॉक्टरांसाठी एक पान लिहिलं. डावीकडे तारखा, उजवीकडे लक्षणं. *९ नोव्हेंबर: जास्त पाणी पिणं. १४ फेब्रुवारी: मासा सोडला. ६ एप्रिल: उडी टाळली.* कादंबरीचा उल्लेख केला नाही. फोटो काढून पाठवला. त्यांचं उत्तर तासाभरानं आलं: इतकी व्यवस्थित नोंद सहसा कुणी आणत नाही, खूप उपयोग होईल. पुढे लिहिलं होतं, नोव्हेंबरमध्ये कळलं असतं तरी हा रोग बरा झाला नसता, आहार लवकर बदलता आला असता, काही महिने वाढले असते. सरळ माणूस आहे. पहिलं वाक्य त्यानं लिहायला नको होतं, पण त्याला काय माहीत.

दुपारी पाऊस थोडा उघडला. अंगणात जाईच्या वेलाखाली फुलांचा चिखल झाला होता. तारली उंबऱ्यापर्यंत आली, बाहेर बघत बसली. आई तिच्याशेजारी खुर्ची घेऊन तायखिळ्याची पालेभाजी निवडायला बसली. मी आतून ऐकत होते. "खा गो बाये, मातशें खा. हांवूय खाता मगे गुळयो." आई आपल्या गोळ्यांची डबी तिच्यासमोर खुळखुळवून दाखवत होती. थोड्या वेळानं तिनं मला हाक मारली. अंड्याचा पांढरा भाग तिनं बोटानं कुस्करून, कोंबडीच्या पाण्यात भिजवून, तळहातावर धरला होता आणि तारली तो चाटत होती. एकदम नाही. दोन वेळा चाटायची, थांबायची, लांब बघायची, पुन्हा दोन वेळा. आईनं तळहात खाली केला नाही. तिचा हात कापतो हल्ली, त्यामुळे ते पाणी बोटांमधून गळत होतं, ते तारली बोटांवरून चाटत होती. मी चमचा घेऊन आले तर आईनं नको म्हणून मान हलवली.

वहीत लिहिलं: *२.४० – सुमारे दोन चमचे. आईच्या हातून.*

मग लॅपटॉप उघडला आणि त्या वाक्यापाशी गेले. आधी सगळंच काढलं. मग वाटलं, कळशीत तोंड घालून मांजर पाणी पितं ते तर खरं आहे, ते का काढायचं. परत आणलं. "जणू"पासून पुढचं उडवलं. *आजीच्या पितळी कळशीत तोंड घालून मांजर कितीतरी वेळ पाणी पीत राही.* वाक्य आता उघडं पडलं, थोडं बावळट झालं. संपादक त्याखाली रेघ मारणार नाहीत. त्यापुढे काहीतरी हवं होतं. तासभर बसले. शेवटी लिहिलं: *आजी ती कळशी पुन्हा भरून ठेवी.* म्हणजे तिला दिसलं होतं. म्हातारीला सगळं दिसत होतं, आणि ती त्यावर काही बोलत नव्हती, करत होती. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या हाताला मी काम दिलं. ते योग्य आहे की मी पुन्हा तेच केलं, आईचा तळहात उचलून तिथे ठेवून आले, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सध्या वाक्य तिथेच आहे.

संध्याकाळी वीज आली. सलाईनची बाटली कोमट केली, मनगटावर थेंब टाकून बघितला. पाट, टॉवेल, तारली. आज आईही आत येऊन बसली, तारलीचं डोकं तिच्या मांडीवर. कालच्यासारखं सुई टोचताना मी डोळे मिटले नाहीत. कातडीचं छप्पर वर धरलं, सुई खालून सरळ आत सरकवली, ती आत मोकळी हलतेय याची खात्री केली. तारलीनं शेपटीचं टोक तेवढं हलवलं.

बाटलीकडे बघत मी म्हटलं, "चवथीपर्यंत आकडा मोकळा करते."

चवथ दीड महिन्यावर होती. दोघींनाही हिशेब येत होता. आई वर बघत राहिली. गंजलेला आकडा, सुंभाचा तुकडा, त्याला लटकलेली अर्धी बाटली.

"आसूं दी गो," ती म्हणाली. "माटोळयेक येदें सगळें बांदतात. एक बाटली चड जाली म्हणून गणपती कितें म्हणना."

मी चिमटा उघडला.